शेवटून दुसरा परिच्छेद

नागरिकांची पत्रं जिथे येत, त्या कार्यालयाच्या मधल्या मजल्यावर, खिडकीपासून दुसऱ्या टेबलाशी, मुद्देकाका एकतीस वर्षं बसत होते. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण हजेरीपुस्तक सोडलं तर खरं नाव आता कुठेच उरलं नव्हतं. काम एकच. आलेलं पत्र वाचायचं, त्याचा मुद्दा पिवळ्या चिठ्ठीवर एका ओळीत उतरवायचा आणि चिठ्ठी टाचणीने पत्राला लावायची. साहेब चिठ्ठी वाचत, पत्र नाही. तीन दिवसांनी चिठ्ठी लाकडी खणात कायमची जाई आणि पत्र तळमजल्यावरच्या कागद फाडणाऱ्या यंत्रात. त्या यंत्राला सगळे चरक म्हणत. दुपारी दोनला चरक सुरू झाला की तिन्ही मजल्यांच्या फरशा पायाखाली थरथरत.

मुद्देकाका मुलखाचे भिडस्त. चहा गार आला तरी तो तसाच पिणार, आणि आणणाऱ्याला वर "छान होता" म्हणणार. घरी बायको म्हणे, "तुम्हाला 'नाही' म्हणता आलं असतं तर आपलं लग्नच झालं नसतं." यावरही ते हसून मान डोलवत. आपल्याला फारसं काही येत नाही याविषयी त्यांची खात्री होती. एका गोष्टीचा मात्र त्यांना मनातल्या मनात अभिमान होता. माणूस कितीही पाल्हाळ लावो, त्याला खरं म्हणायचं असतं ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असतं, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. शेवटच्या परिच्छेदात आभार आणि आशा. त्याच्या आधी, पत्र संपत आलं या भीतीने, माणूस धीर करून मनातलं बोलतो. म्हणून पहिलं पान वाचायचं, कोण आहे ते कळण्यापुरतं. मग थेट शेवटाकडे जायचं. दिवसाला चाळीस पत्रं आरामात होत.

समोरच्या टेबलावर पूर्वी एक सोबती बसत. ते प्रत्येक पत्र अथपासून इतिपर्यंत वाचत, म्हणून त्यांचं नाव पडलं अथइति. पत्र हातात घेण्याआधी ते चष्मा काढत, काचांवर तोंडाने "हाः" करून वाफ सोडत, सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि मग वाचायला बसत. दिवसाला बारा पत्रं, कधी तेराही नाहीत. साहेब म्हणत, "तुमच्या काचा पुसून होईस्तोवर पत्र लिहिणारा म्हातारा होतो हो!" अथइति नुसते हसत. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी ते जागेवरून उठले आणि पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. घरी भांडण होऊन निघून गेले असं ठरलं. टेबल-खुर्ची हलवली. फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे चार फिकट ठिपके राहिले.

त्या सोमवारी पहिलं पत्र नळाचं होतं. गल्लीतल्या सार्वजनिक नळाची चावी नीट बंद होत नाही, दिवसभर पाणी ठिबकतं. मुद्देकाकांनी पहिलं पान वाचलं, शेवटून दुसरा परिच्छेद वाचला, सवयीप्रमाणे मनाशी विचारलं, "याला म्हणायचंय काय?" आणि चिठ्ठी लिहिली. टाचणी लावताना सहज नजर गेली.

"तो अजून आत आहे."

अक्षर त्यांचंच होतं. ते कानकोंडे झाले, जणू कुणी चोरी पकडली. इकडेतिकडे पाहून चिठ्ठी चुरगळून खिशात टाकली आणि दुसरी लिहिली: "नळाची चावी बदलावी." ही ओळ लिहायला मात्र जोर लावावा लागला. नकार देणाऱ्या बोटांकडून काम करून घ्यावं तसं.

दुसरं पत्र शाळेच्या कुंपणाचं. तिसरं, रस्त्यावरचा दिवा वेळेवर लागतो म्हणून कौतुकाचं. चौथं एका निवृत्त टपाल कारकुनाचं, शेजाऱ्याच्या रेडिओबद्दल. वाचताना सगळं स्वच्छ कळत होतं. कुंपण म्हणजे कुंपण, रेडिओ म्हणजे रेडिओ. पण वाचून झाल्यावर तो एक प्रश्न मनाशी विचारला की उत्तर एकच यायचं. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या खिशात सदतीस चुरगळलेल्या चिठ्ठ्या होत्या.

"काय कोंबलंय खिशात?" बायकोने विचारलं.

"काही नाही. चुका."

"एवढ्या?"

मंगळवारी त्यांनी डॉक्टरांना डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठीक आहेत, वाचन कमी करा. बुधवारी त्यांनी सगळी पत्रं पूर्ण वाचून पाहिली. आयुष्यात प्रथमच. फरक पडला नाही. मग, आपल्याच डोक्यात काहीतरी बिघडलंय याची खातरजमा करून घ्यावी म्हणून ते टायपिस्ट मुलीकडे गेले. ती या कार्यालयात दोनच वर्षांपूर्वी आली होती, तोंडाने फटकळ, आणि मुद्देकाकांना काका म्हणणारी.

"जरा हे पत्र वाचतेस? मुद्दा लिहून दे एका ओळीत."

"काका, तुमचं काम माझ्या गळ्यात घालताय का आता?" म्हणत तिने पत्र घेतलं. "शिंप्याच्या दुकानापुढे पाणी साचतं. यात काय वाचायचं!" तिने चिठ्ठी ओढली, भरभर लिहिलं, आणि पेन तसंच धरून बसून राहिली.

"काका," ती हळू म्हणाली, "मी हे नाही लिहिलं."

"दाखव."

तिने दाखवली नाही. चिठ्ठी उपडी घालून तिच्यावर तळहात ठेवला. "कोण आत आहे?"

वेड आपल्याला लागलेलं नाही याचा मुद्देकाकांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण "कोण" हे त्यांना सोमवारपासूनच ठाऊक होतं. त्यांनी स्वतःला एवढंच विचारलं नव्हतं.

चिठ्ठ्यांचे खण जिन्याखाली होते. अकरा वर्षांपूर्वीचा खण कुरकुरत उघडला. टाचण्यांचा गंज कागदावर उतरला होता. हवी होती ती चिठ्ठी त्यांना फार शोधावी लागली नाही. सुबक अक्षर, एक ओळ: "घरगुती भांडणामुळे पती निघून गेले, कौटुंबिक बाब, कारवाई नको."

त्या पत्राची चौदा पानं होती, एवढं त्यांना आठवलं. त्या दिवशी फार पत्रं होती, हेही आठवलं.

अथइतींच्या घरी ते गुरुवारी गेले. दोन खोल्या, खिडकीत कपाटाएवढा उजेड. वहिनी एका शिवणकामाच्या दुकानासाठी सदऱ्यांना काजं करून देत. मांडीवर पांढरा सदरा होता, बाजूला केलेल्या सदऱ्यांची थप्पी. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "या भाऊजी. अकरा वर्षांनी वाट सापडली म्हणायची."

मुद्देकाका खुर्चीच्या कडेवर टेकले. "वहिनी, तुम्ही तेव्हा एक पत्र पाठवलं होतं."

"चौदा पानी. मनगट सुजलं होतं."

"त्यात काय लिहिलं होतं?"

सुई थांबली. "म्हणजे? तुम्हीच नाही का वाचलंत? मला वाटलं, सगळं वाचूनसवरून ठरवलं असेल. इतकी वर्षं एकत्र बसलात तुम्ही."

'वाचलं होतं, पण आता आठवत नाही,' हे वाक्य मुद्देकाकांच्या जिभेवर तयार होतं. सोयीचं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी पहिलं पान वाचलं. आणि शेवटून दुसरा परिच्छेद."

"त्यात काय होतं?"

"सकाळी तुमचं भांडण झालं, ते रागाने घराबाहेर पडले."

वहिनींनी मांडीवरचा सदरा सरळ केला. "ते मी लाजत लाजत लिहिलं होतं भाऊजी. काही लपवलं असं नको म्हणून. आणि तेवढंच तुम्ही उचललंत." त्यांनी दोरा तोंडाने तोडला. "मुद्दा चौथ्या पानावर होता. म्हणून दाखवू? पाठ आहे मला."

आणि त्यांनी खरोखरच म्हणून दाखवला, काजांवर नजर ठेवून, शाळेतल्या कवितेसारखा: "रागाच्या भरात त्यांचा चष्मा घरी राहिला. मी दुपारी तो घेऊन कार्यालयात आले. पहारेकरी म्हणाला, जुने गठ्ठे ठेवायला तळघरात गेलेत, येतील एवढ्यात. मी बाकावर बसले. कागदाचं यंत्र चालू होतं. तळघराच्या जिन्यावरून एक गवंडी घमेलं घेऊन वर आला आणि हात धुऊन गेला. कार्यालय सुटलं. सगळे बाहेर आले. हे आले नाहीत. कृपा करून एकदा तळघर उघडून बघा."

मुद्देकाका खुर्चीच्या कडेवरून आणखी पुढे सरकले.

"तोंडी नाही सांगितलंत कुणाला?"

"सांगितलं ना! जो तो म्हणे, लिहून द्या. लिहून दिलं. पोलिसांकडे गेले तर त्यांनी तुमच्याच चिठ्ठीची नक्कल पुढे केली. कौटुंबिक बाब." त्या कडवट हसल्या. "तुमचं अक्षर छान आहे हं भाऊजी."

मुद्देकाका उठले. दारात त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. क्षमा हा शब्द फारच लहान वाटला. ते म्हणाले, "उद्या उघडतो."

शुक्रवारी सकाळी ते साहेबांच्या खोलीत गेले. न बोलावता जायची ही पहिलीच वेळ. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "रजा घ्या थोडे दिवस. वय झालंय तुमचं."

"घेतो. आधी तळघराची भिंत फोडायची परवानगी द्या."

"ओल येत होती म्हणून दार बांधलंय ते. सही माझी होती. चिठ्ठ्यांवर भलतंसलतं लिहून परवानगी मागता?"

मुद्देकाकांनी खिशातून एक न उघडलेलं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, एकच पत्र. मुद्दा तुम्ही लिहा."

साहेबांनी वैतागून पाकीट फोडलं. मोठ्याने वाचलं. बागेतल्या बाकाची फळी निघाली आहे, म्हातारी माणसं पडतात. "बाकाची फळी! यात काय आहे?" त्यांनी पेन उचललं, लिहिलं, आणि खाली पाहिलं.

मग चिठ्ठी उलटी केली. पुन्हा सुलटी केली.

"माझं अक्षर असं नाही," साहेब म्हणाले.

अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं, ओळीच्या शेवटी किंचित वर चढणारं. मुद्देकाकांनी त्याचं वळण वीस वर्षं समोरच्या टेबलावर पाहिलं होतं, फक्त तेव्हा ते सरळ असे.

साहेबांनी चिठ्ठीचे चार तुकडे केले, मग आठ. "अकरा वर्षं झाली," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता उघडून काय उपयोग? उगाच बोभाटा. भिंतीला हात लावायचा नाही. हा माझा हुकूम समजा."

"अजून," मुद्देकाका म्हणाले.

"काय?"

"तुम्ही लिहिलंय ना साहेब. तो अजून आत आहे. मला म्हणायचंय, त्या शब्दावरून उडी मारून पुढे जाऊ नका. मी मारली होती."

ते बाहेर आले, जागेवर बसले आणि एक पिवळी चिठ्ठी ओढून घेतली: "तळघराचं दार उघडावं." खाली, आयुष्यात प्रथमच, त्यांनी चिठ्ठीवर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. जोडायला पत्र नव्हतंच. त्यांनी नुसतीच टाचणी लावली.

गवंडी मागच्या अंगणात पायरी बसवत होता. म्हातारा, तोच पूर्वीचा. त्याने चिठ्ठी पाहिली. पत्र मागितलं नाही. कुणीच मागत नसे. पहार घेऊन जिना उतरता उतरता तो म्हणाला, "मागच्या वेळीही अशीच चिठ्ठी आली होती बघा. तळघर रिकामं आहे, दार बांधावं. मी आत एक हाक मारणार होतो. पण रिकामं म्हणून लिहूनच दिलंय म्हटल्यावर..."

चिठ्ठीवर अक्षर कुणाचं होतं हे मुद्देकाकांनी विचारलं नाही. तेव्हा त्यांच्याकडे मुद्दा काढायला आलेला ओलीबद्दलचा अहवाल नऊ पानांचा होता. तळघर रिकामं करून घ्यावं, असं त्यात कुठेतरी असणार. त्यांनी त्याचं 'रिकामं आहे' केलं असणार.

दोनला चरक सुरू झाला. पहारेचे घाव त्या आवाजात बुडून गेले. अकरा वर्षांपूर्वी आतून मारलेल्या हाकांचंही हेच झालं असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते धावत वर गेले. घाबरट माणसाला शोभणार नाही अशा आवेशाने त्यांनी चरकाचं बटण खाली ओढलं. यंत्र अर्धं पत्र तोंडात धरून थांबलं. यंत्रावरचा माणूस ओरडला. टायपिस्ट मुलगी जिन्यात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "ओरडू नका. ऐकू येत नाही खालचं."

खालून काहीच ऐकू येत नव्हतं. विटा पडण्याचा आवाज, एवढंच.

माणूस जाईल एवढी फट झाली. मुद्देकाका कंदील घेऊन आत शिरले.

आत कुणीही नव्हतं.

हाडं नव्हती, कपडा नव्हता. जमिनीवर बोटभर धूळ, तिच्यावर एकही पाऊल नाही. भिंतीला लागून मांडण्या, आणि मधोमध एक टेबल-खुर्ची. टेबलावर धूळ नव्हती.

टेबलावर पत्रांचे तीन ढीग होते. वरच्या पत्राला त्यांनी ओळखलं. मग खालच्याला. ही त्यांनी स्वतः चरकात पाठवलेली पत्रं होती, अकरा वर्षांतली, अखंड. चिरा नव्हत्या, घड्या होत्या तशा होत्या. प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी. झुकलेलं, वर चढणारं अक्षर. "मुलगा बोलत नाही, म्हणून रेडिओची तक्रार." "नळाचं निमित्त, एकटी राहते." "कुंपण नको आहे, कुणीतरी यायला हवं आहे."

एका पत्राला चिठ्ठी नव्हती. टाचणी तेवढी टोचून ठेवलेली. चौदा पानं.

मुद्देकाका उभ्याउभ्या ती चौदा पानं वाचू लागले. एकही ओळ न गाळता. वर कुणीतरी हाका मारत होतं, साहेबांचे बूट जिन्यावर वाजत होते. त्यांनी चौदावं पान संपवलं, खिशातली एक कोरी चिठ्ठी काढली आणि लिहिलं: "हा माणूस आत असताना दार बांधलं. बायकोने सांगितलं. मी वाचलं नाही." खाली नाव. टाचणीत चिठ्ठी अडकवली.

फटीतून साहेबांनी आत डोकावलं. रिकाम्या खोलीवर नजर फिरवली आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. "कुणी नाही. पाहिलंत? संध्याकाळच्या आत बांधून घ्या पुन्हा."

"नाही," मुद्देकाका म्हणाले.

शब्द निघाला तेव्हा त्यांनाच दचकायला झालं. एवढा साधा असतो होय!

टायपिस्ट मुलीने एक बाजू धरली, गवंड्याने दुसरी. मुद्देकाकांचं टेबल मधल्या मजल्यावरून खाली आलं आणि बरोबर त्या भगदाडात बसलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. त्यांनी खुर्ची ओढली. "साहेब, बांधायचंच असेल तर माझ्याभोवती बांधा."

"नोकरीवरून काढीन."

"काढा. चिठ्ठी मात्र तुम्हालाच लिहावी लागेल." ते थांबले. "बघा, काय लिहिलं जातंय."

साहेब वर गेले. काढल्याची चिठ्ठी आली नाही. शुक्रवार संपेपर्यंत नाही, आणि पुढेही नाही.

शनिवारी वहिनी आल्या. खोलीभर नजर फिरवली, टेबलावरून हात फिरवला, रडल्या नाहीत. पत्रांचे ढीग एकेक चिठ्ठी उचलून पाहिले. मग पिशवीतून एक काळी डबी काढली आणि आतल्या टेबलावर, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली.

"त्यांना चष्म्याशिवाय त्रास होतो वाचायला," त्या म्हणाल्या, जणू अकरा वर्षांपूर्वीचं काम आज उरकत होत्या. "बघा, किती वाकडं लिहिलंय."

त्या दिवसापासून पत्रांचे मुद्दे पुन्हा जागेवर आले. नळ म्हणजे नळ, दिवा म्हणजे दिवा. मुद्देकाका आता पत्र पूर्ण वाचतात. दिवसाला पंधराच होतात. उरलेली पत्रं त्याच शनिवारी संध्याकाळी त्यांनी आतल्या टेबलावर ठेवली, मोजून अठ्ठावीस, आणि जिन्याच्या दाराला पहारेकऱ्याकडून कुलूप लावून घेतलं.

सोमवारी ते दहा मिनिटं आधी आले. पहारेकऱ्याने त्यांच्यादेखत कुलूप काढलं आणि तो वर निघून गेला. मुद्देकाका टेबलाला वळसा घालून आत शिरले.

अठ्ठावीसपैकी बारा पत्रांना चिठ्ठ्या लागल्या होत्या. अक्षर सरळ होतं.

डबी उघडी होती. चष्मा तेराव्या पत्रावर ठेवलेला होता, काड्या पसरलेल्या, आणि दोन्ही काचांवर नुकती सोडलेली वाफ होती. ती कडेकडून हळूहळू विरत चालली होती.